गंगेत घोडं न्हालं, पण गेलं कुठे?

१९६३ साली महाराष्ट्र सरकारने दुष्काळ हटवला. पाऊस पाडून नव्हे, कायदा करून. राज्याच्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकणारा एक स्वतंत्र कायदा त्या वर्षी झाला. सरकारचे शेतीवर सतत लक्ष असते, वेळच्या वेळी मदत पोहोचते, तेव्हा दुष्काळाला राज्यात आता वावच उरलेला नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. इथून पुढे फार तर टंचाई. नऊ वर्षांनी, १९७२ मध्ये, दुष्काळ आला. त्याच्यापर्यंत राजपत्र पोहोचले नसावे.

मे १९७३ मध्ये जवळजवळ पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. खडी फोडत होती, नाले बांधत होती, पाझर तलावांच्या भिंतींवर माती टाकत होती. सुकडी खात होती, अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी खात होती. वि. स. पागे यांची ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना याच काळात राज्यभर रुजली. १९७७ ला तिचा रोजगार हमी कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला आणि पुढे सगळ्या देशाने ती उचलली. एवढी मोठी घटना. शिवाय महाराष्ट्रात डॉक्टरेटवाल्यांची टंचाई नाही, फॅमिन तर नाहीच नाही. तेव्हा साधा प्रश्न : बहात्तरच्या दुष्काळावर आपल्या विद्यापीठांत कुणी, काय संशोधन केले, हे एखाद्याला पाहायचे असेल तर ते सापडते कुठे?

प्रश्न साधा आहे म्हणजे उत्तरही साधे असेल, असे ज्याला वाटते तो या खेळात नवा आहे.

रस्ता तसा आखून दिलेला आहे. यूजीसीने २००९ साली नियम केला की पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत विद्यापीठाने द्यायचीच. ती जाते गांधीनगरला, इन्फ्लिबनेट केंद्राकडे, आणि तिथल्या ‘शोधगंगा’ नावाच्या भांडारात जाऊन पडते. पाच लाखांच्या वर प्रबंध आहेत तिथे. फुकट. ओळखपत्र नको, शिफारसपत्र नको, विभागप्रमुखांची सही नको. सदराचा धर्म सोडून एक वाक्य कौतुकाचे लिहितो : दुसऱ्याचा प्रबंध वाचायला डॉलर मोजावे लागतात अशा जगात आपण हे सगळे उघडे ठेवले, ही मोठी गोष्ट आहे.

झाले कौतुक.

आपल्याकडे एखाद्याची पीएच.डी. झाली की घरचे म्हणतात, “गंगेत घोडं न्हालं एकदाचं!” यूजीसीने ही म्हण शब्दशः अमलात आणली. घोडे खरोखरच गंगेत नेऊन सोडले. ते न्हाले. पुढे कुठल्या घाटाला लागले याची चौकशी ना मालकाने केली, ना गाईडने, ना घोड्याने.

कुठलाही एक प्रबंध उघडून पाहा. उघडतो असे म्हणणे धाडसाचे, कारण तो सलग नसतोच. खाटकाने तुकडे करावेत तसा तो फाईलींमध्ये कापलेला असतो. ०१ म्हणजे टायटल. ०२ म्हणजे सर्टिफिकेट. मग डिक्लरेशन, मग ऋणनिर्देश, मग अनुक्रमणिका. प्रकरणे ‘चॅप्टर १’, ‘चॅप्टर २’ अशी. प्रकरणाचे नाव काय, त्यात कशाबद्दल लिहिले आहे, हे फाईल उतरवून घेतल्याशिवाय कळणार नाही. शेवटी ८० हा क्रमांक आणि ‘रेकमेंडेशन’ हे नाव असलेली एक फाईल. चौदा-पंधरावरून एकदम ऐंशी. मधले आकडे कुठे गेले, हा स्वतंत्र पीएच.डी.चा विषय आहे. कुणाला गाईड मिळत असेल तर घ्यावा.

ऋणनिर्देशाची फाईल मात्र चुकवू नये. महाराष्ट्रातल्या ललित गद्याचा तो एक उपेक्षित प्रकार आहे. आधी गाईड, मग गाईडच्या सौभाग्यवती (‘घरच्यासारखे चहा-पोहे देऊन’), मग संस्थाचालक, मग प्राचार्य, मग सासू-सासरे, मग ‘माझ्या वाट्याचा वेळ ज्याने आनंदाने सोडला’ तो चार वर्षांचा मुलगा, आणि अखेर डीटीपी करून देणारा. सगळ्यांत खरे वाक्य बहुधा डीटीपीवाल्याबद्दल असते, कारण प्रबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला तो एकटाच.

असो. आपला दुष्काळ शोधू.

इंग्रजीत ‘ड्राउट’ असे टाकले की एकदम इंजिनिअर हजर होतात. सॅटेलाइट, रिमोट सेन्सिंग, हिरवळीचा निर्देशांक, पावसाचा निर्देशांक, आणि त्या निर्देशांकांना अंदाज बांधायला शिकवणारे न्यूरल नेटवर्क. इंजिनिअरिंगच्या प्रबंधांची शीर्षके अशी असतात की त्यांत क्रियापद वगळता सगळे असते. ‘अमुक तंत्राचा वापर करून तमुक प्रणालीच्या कामगिरीचे विश्लेषण आणि इष्टतमीकरण.’ अमुकच्या जागी तंत्राचे नाव आणि तमुकच्या जागी यंत्राचे नाव घाला, सिनॉप्सिस तयार. यात गाव नसते, नदी नसते, तालुका नसतो. आत चाळीसाव्या पानावर कळते की अभ्यास माण नदीच्या खोऱ्याचा आहे. शीर्षकात ‘माण’ लिहिले असते तर माणदेशातल्या एखाद्या सरपंचालाही तो सापडला असता. पण स्थानिक नाव घातले की संशोधन लहान वाटते म्हणे. आंतरराष्ट्रीय वाटायला हवे. त्यामुळे म्हसवडच्या मातीचा अभ्यास ‘निमशुष्क प्रदेशातील पाणलोट’ या नावाखाली असा फिरतो, की त्याला म्हसवडचे लोक ओळखत नाहीत आणि परदेशी लोक बोलावत नाहीत.

आणि ज्या पाझर तलावांवर बहात्तरमध्ये निम्मा महाराष्ट्र राबला, ते? पाणी मुरते की नाही, गाळ किती साचला, काळ्या दगडात भेगा कुठे आहेत, हे सगळे अभ्यासलेले आहे. पण ‘दुष्काळ’ या शब्दाखाली नाही. ते आहे ‘भूजल पुनर्भरण’ या नावाखाली, ‘डेक्कन ट्रॅप’खाली, ‘बेसाल्ट’खाली. काही सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये, काही भूशास्त्रात. शेतीच्या अंगाने केले असेल तर ते शोधगंगेवर सापडेलच असे नाही. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांचे घर वेगळे, ‘कृषिकोश’ नावाचे. पवईच्या आयआयटीतले असेल तर तिथला कारभार संसदेच्या स्वतंत्र कायद्याने चालतो. यूजीसीचा नियम तिला लागू नाही, तिचे कपाट तिचे स्वतःचे. म्हणजे एकाच तलावाचे पाणी एका भांडारात, माती दुसऱ्या भांडारात, आणि बांधाचे गणित तिसऱ्यात. जलसंधारण खात्यात तरी वेगळे काय असते म्हणा.

आता इंग्रजी सोडून मराठीत ‘दुष्काळ’ लिहा. इंजिनिअर गायब, मराठीचे प्राध्यापक हजर.

मराठी साहित्यावरच्या प्रबंधांचा आराखडा हा महाराष्ट्राच्या एकात्मतेचा पुरावा आहे. कोकण ते गडचिरोली, एकच. प्रकरण पहिले : साहित्य म्हणजे काय, ग्रामीण म्हणजे काय, कादंबरी म्हणजे काय. प्रकरण दुसरे : लेखकाचा जन्म, बालपण, शिक्षण, नोकरी, विवाह. प्रकरण तिसरे ते पाचवे : आशय, अभिव्यक्ती, भाषाशैली. प्रकरण सहावे : निष्कर्ष, म्हणजे सदर लेखकाचे मराठी साहित्यातील स्थान महत्त्वाचे आहे. कुणाचेही स्थान बिनमहत्त्वाचे ठरल्याचा प्रबंध माझ्या पाहण्यात नाही. शीर्षकाच्या शेवटी विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके आणि त्यापुढे ‘एक अभ्यास’. गाईड जरा कडक असतील तर ‘एक चिकित्सक अभ्यास’. या दोन शब्दांनी शोधले तर अख्खी गंगा अंगावर येते आणि त्यातून काहीच हाती लागत नाही.

आणि दुष्काळ इथेही आडनाव बदलून राहतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. तिच्या शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी ओस होते. पण प्रबंधांच्या यादीत ती ‘ग्रामीण’ किंवा ‘प्रादेशिक’. महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा, म्हणजे १८७६ ते ७८ च्या भयंकर दुष्काळाच्या जखमा ओल्या असतानाचा. तो ‘सामाजिक विचार’ या फळीवर. लोकगीतांत, जात्यावरच्या ओव्यांत दुष्काळ आहे, ते प्रबंध ‘लोकसाहित्य’ किंवा ‘स्त्रीजीवन’ या नावाने. शोधणाऱ्याने काय टाकायचे? कीवर्डच्या रकान्यात संशोधकाने लिहिलेले असते : मराठी, साहित्य, कादंबरी. मराठी कादंबरीवरच्या प्रबंधाला शोधण्यासाठी ‘मराठी’ आणि ‘कादंबरी’ हे शब्द दिल्याबद्दल त्याचे आभारच मानायचे.

यातही मराठी शीर्षक देवनागरीत असेल याची खात्री नाही. बऱ्याच ठिकाणी ते रोमनमध्ये लिहिलेले. आणि रोमनमध्ये मराठी लिहिण्याचे नियम विद्यापीठागणिक नव्हे, क्लार्कगणिक वेगळे. ज्ञानेश्वरांचा ‘ज्ञ’ कुणी डी-एन-वाय असा लिहितो, कुणी जे-एन, तर कुणी हिंदीच्या वळणाने जी-वाय. परदेशी अभ्यासक बहुधा जे-एन वाले, आपले डी-एन-वाय वाले. माउलींनी भिंत चालवली, पण या तीन स्पेलिंगांना एका ओळीत आणणे त्यांनाही जमले नसते.

आत मजकुराचे काय? जुन्या प्रबंधांचे पानच्या पान स्कॅन केलेले. म्हणजे ते फोटो आहेत. डोळ्यांना दिसतात, संगणकाला दिसत नाहीत. त्यानंतरचे श्री-लिपीत किंवा तशाच एखाद्या जुन्या फॉण्टात टाईप केलेले. तिथून एखादे वाक्य उचलून दुसरीकडे चिकटवले की ‘दुष्काळ’चे डॉलर, टक्का, चौकट आणि स्वल्पविराम होतात. युनिकोड आल्यानंतरही कित्येक डीटीपी सेंटरांनी ते मनावर घेतले नाही, कारण ब्लॅक बुक छापून सोनेरी अक्षरे ठोकायला युनिकोड लागत नाही.

याचा एक फायदा आहे, आणि तो न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. वाङ्मयचौर्य पकडायला आता सॉफ्टवेअर असते. २०१८ च्या नियमाप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ. चाळीसच्या वर गेले तर वर्षभर घरी बसा. साठच्या वर गेले तर नोंदणी रद्द. इंग्रजीत लिहिणारा बिचारा या आकड्याच्या धाकात एकेक वाक्य उलटेपालटे करत बसतो. पण ज्याने स्कॅन केलेल्या मराठी प्रबंधातून उतरवून काढले, त्याला पकडणार कोण? जे संगणकाला वाचताच येत नाही त्याच्याशी साम्य शून्य. अहवाल स्वच्छ, प्रमाणपत्र जोडलेले. आपल्या भाषेला तंत्रज्ञानात मागे ठेवल्याबद्दल एवढा एक वर्ग तरी सरकारचा कायम ऋणी राहील.

इतिहासाकडे वळू, कारण दुष्काळ ही शेवटी घडून गेलेली गोष्ट. इथे ‘फॅमिन’ हा शब्द चालतो, आणि भरपूर सापडते. फक्त सगळे एकोणिसाव्या शतकातले. १८७६ चा दुष्काळ, १८९६ चा दुष्काळ, ब्रिटिशांची फॅमिन कोड. त्यातही वासुदेव बळवंत फडके दुष्काळी मुलूख हिंडले आणि मग बंडाला उठले, हे मात्र दुष्काळाखाली नाही, ‘क्रांतिकारक’ या सदरात. बहात्तर? आपल्या इतिहास विभागांत इतिहास १९४७ ला संपतो. गाईड फारच धाडसी असतील तर संयुक्त महाराष्ट्रापाशी, १९६० ला. त्यापुढचे सगळे ‘चालू घडामोडी’. बारा वर्षांनी उशीर केल्यामुळे पन्नास लाख माणसे इतिहासात बसली नाहीत. ती बसली अर्थशास्त्रात, ‘रोजगार हमी योजनेचे मूल्यमापन’ म्हणून. तिथे माणसांना ‘लाभार्थी’ म्हणतात.

२००९ च्या आधीचा प्रबंध हवा असेल तर पुष्कळदा गंगा सोडून घाट चढावा लागतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, बहुधा वरच्या मजल्यावर, ‘थिसिस सेक्शन’. विद्यापीठाचे नाव सांगत नाही. ज्यांनी अशा खोल्या पाहिल्या आहेत त्यांना प्रत्येकाला आपलेच वाटेल.

“कुठला पाहिजे?”

“बहात्तरच्या दुष्काळावरचा. कुठलाही.”

“असं नाही सापडत. नाव सांगा. आडनाव आधी.”

“लेखक माहीत नाही, तेच शोधतोय.”

“मग साल सांगा.”

“सालही...”

“अहो, नाव नाही, साल नाही, मग सर काढू कुठून?” थिसिस सेक्शनच्या कर्मचाऱ्यांचे चुकत नव्हते. त्यांच्यासमोर दाखल नोंदवही होती आणि प्रबंध जसे आले तसे त्या क्रमांकाने लावलेले होते. विषय ही गोष्ट त्या खोलीत कुणी कधी विचारलीच नसावी. प्रबंध मिळवायचा तर तो कुणी लिहिला हे आधी माहीत हवे, आणि ते माहीत व्हायला प्रबंध मिळायला हवा. मग त्यांनीच दया येऊन एका मांडणीकडे बोट दाखवले. “तिकडं समाजशास्त्र आहे. बघा उभं राहून. झेरॉक्स मात्र मिळणार नाही.”

उभे राहून पाहिलेल्या त्या काळ्या पुठ्ठ्यांत एक गोष्ट मात्र ध्यानात येते, आणि ती गंभीरपणे सांगतो. आपले प्रबंध शेवटून वाचावेत. पहिली प्रकरणे नियमासाठी लिहिलेली असतात, निष्कर्ष परीक्षकासाठी. संशोधकाने खरोखर पायपीट केली असेल तर ती परिशिष्टात असते. साहित्याच्या प्रबंधाच्या मागे लेखकाची चाळीस पानी मुलाखत असते, किंवा एका गावातल्या बायांकडून उतरवून घेतलेल्या ओव्या असतात, ज्या त्या बायांबरोबर गेल्या असत्या. इतिहासाच्या मागे मोडीतून बाळबोधीत आणलेले कागद असतात, एखाद्या वाड्यातल्या दप्तरातले. तो वाडा आता बिल्डरकडे गेलेला असतो. इंजिनिअरिंगच्या मागे तालुक्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीचे तक्ते, महिन्यागणिक, मोटारसायकलवर हिंडून घेतलेले. हे सगळे फाईलींच्या उतरंडीत सगळ्यांत खाली ‘ॲनेक्शर’ या नावाने पडलेले असते. सारांशात त्याचा उल्लेख नाही, कीवर्डमध्ये नाही, शीर्षकात तर नाहीच. सोने मागच्या पानांत आणि पाटी पुढच्या पानावर ‘एक अभ्यास’.

परदेशातले सगळे सुरळीत आहे असे समजू नका. एलिनॉर झेलियट यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. आंबेडकर आणि महार चळवळीवर प्रबंध लिहिला तो १९६९ ला. भारतात तो पुस्तकरूपाने आला २००४ ला. मधली पस्तीस वर्षे महाराष्ट्राच्या इतिहासातला हा कळीचा अभ्यास अमेरिकेतल्या मायक्रोफिल्मवर आणि झेरॉक्सच्या झेरॉक्सवर जगला. ज्यांच्याविषयी तो होता त्यांना वाचायला मिळायला एक पिढी गेली. ब्रिटिश लायब्ररीने ब्रिटनमधल्या प्रबंधांची एक उत्तम सूची चालवली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला आणि ती बंद पडली. प्रबंध गायब करायला तिथे संघटित गुन्हेगार लागतात. आपल्याकडे कंटाळलेला स्कॅनिंगवाला पुरतो.

पण एक जुना नियम त्यांच्याकडे होता, तो मला फार आवडतो. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात शिकले तेव्हा प्रबंध मान्य झाला की पदवी मिळाली, असे नव्हते. तो छापून, त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्या पाहिजेत, मगच पदवी. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थकारणावरचा त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये लंडनला छापला गेला आणि कोलंबियाची पीएच.डी. त्यांना मिळाली ती १९२७ मध्ये. त्याआधी, लंडनच्या डी.एस्सी.साठी लिहिलेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्येच पुस्तक होऊन बाहेर पडला होता. तो आज शंभर वर्षांनंतरही ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवर विकत मिळतो. शं. गो. तुळपुळ्यांचा ‘यादवकालीन मराठी भाषा’ हाही मुळात प्रबंधच. १९४२ ला पुस्तक झाला आणि मराठीच्या अभ्यासकांना अजून लागतो. शतकापूर्वीचा प्रबंध फुटपाथवर सापडतो आणि शेजारच्या कॉलेजातल्या सरांचा गेल्या वर्षीचा प्रबंध संगणकावर सापडत नाही, याला प्रगती म्हणायची पद्धत आहे.

विद्यापीठांची नावे बदलली, त्याचीही थोडी भर. नागपूर २००५ ला बदलले, पुणे २०१४ ला, जळगाव २०१८ ला, सोलापूर २०१९ ला. नावे थोरांची आहेत, त्यांबद्दल तक्रार नाही. पण इंग्रजी अकारविल्हे यादीत आता नागपूर ‘आर’पाशी, पुणे ‘एस’पाशी, जळगाव ‘के’पाशी. संदर्भसूचीत मात्र जुनेच नाव. परगावच्या, परदेशातल्या अभ्यासकाला वाटत असेल, महाराष्ट्रात जुनी विद्यापीठे भराभर बंद पडून संतांची निघाली.

हल्ली मुले यातले काहीच करत नाहीत. एआयला विचारतात. तो तत्काळ पाच प्रबंध सांगतो, नाव, गाव, साल आणि गाईडसकट. पाचांतले निदान तीन कुणी लिहिलेलेच नसतात. पण एक कबूल केले पाहिजे : त्या न लिहिलेल्या प्रबंधांची शीर्षके नेमकी असतात. त्यांत तालुका असतो, साल असते, विषय कळतो. म्हणजे शीर्षक कसे द्यावे हे यंत्राला समजले, आमच्या संशोधन समितीला अजून समजायचे आहे. ही समिती अर्धा दिवस बसून शीर्षकावरच चर्चा करते, हे विशेष. ‘मधील’ की ‘मधून’, ‘चिकित्सक’ की ‘विश्लेषणात्मक’, यावर ज्येष्ठ सदस्यांत तात्त्विक मतभेद होतात, चहा येतो, आणि शीर्षकातून गावाचे नाव जाते.

खरे कारण सगळ्यांना माहीत आहे. प्रबंध शोधता येत नाही, कारण तो शोधला जावा म्हणून लिहिलेलाच नसतो. तो लिहिलेला असतो सहायकाचा सहयोगी व्हावा म्हणून, पगाराची पायरी चढावी म्हणून, लग्नपत्रिकेवर नावाआधी दोन अक्षरे यावीत म्हणून. यात मोठे पाप आहे असेही मी म्हणत नाही. पोट सगळ्यांना आहे. पण मग ज्याने खरोखर विहिरी मोजल्या, ओव्या उतरवल्या, मोडी वाचली, त्याचेही काम त्याच पुरात वाहून जाते. त्याची तरी लाज वाटावी.

करायचे काय, हे इन्फ्लिबनेटला सांगून उपयोग नाही. विद्यापीठ जे देईल ते तिथे चढते. सांगायचे आहे ते विद्यापीठांना, आणि ते फुकटात होणारे आहे. शीर्षकात किंवा कीवर्डमध्ये गाव, नदी, तालुका आणि काळ आलाच पाहिजे, नाहीतर प्रबंध स्वीकारू नका. विषय कुठलाही असो, इंजिनिअरिंगचासुद्धा, दोन पानांचा सारांश मराठीत घ्या, युनिकोडमध्ये. परिशिष्टाची फाईल वेगळी करा आणि तिला नाव द्या : ‘माण तालुक्यातील विहिरींची पाणीपातळी’, ‘अमुक गावच्या ओव्या’. एवढे केले तरी दुष्काळाचे तिन्ही तुकडे एकमेकांना भेटतील.

आणि ज्यांची पीएच.डी. २००९ च्या आधीची आहे त्या सगळ्या डॉक्टरमंडळींना. आज रात्री शोधगंगेवर स्वतःचे नाव घालून पाहा, सगळ्या स्पेलिंगांनी. सापडले नाही तर माळ्यावरची काळी प्रत खाली काढा, स्कॅन करून घ्या आणि आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांना अर्जासह द्या. जुने प्रबंधही तिथे चढवता येतात. सगळी पाने करा. परिशिष्ट सोडू नका.